सर्टिफिकेट खरं होतं, तरी लॅपटॉप का गेला?

कुर्ला पश्चिमेला एल. बी. एस. मार्गाच्या आसपास सेकंडहँड कॉम्प्युटरची दुकानं किती आहेत, हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. अशाच एका दुकानातून आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं लॅपटॉप घेतला. मुलीचे कॉलेजचे आणि स्कॉलरशिपचे फॉर्म, घरातल्या मोठ्यांचा हजचा ऑनलाइन अर्ज, पासपोर्टचं स्कॅन, बँकेची कामं. दर वेळी सायबर कॅफेत जाऊन आपले कागद दुसऱ्याच्या मशीनवर उघडायचे नाहीत, एवढाच हेतू होता. व्हायरसचं काय, असं विचारल्यावर दुकानदार म्हणाला, ‘टेन्शन मत लो चाचा, ही विंडोज सरकारी सिक्युरिटी टेस्ट पास झालेली आहे. कंपनीकडे सर्टिफिकेट आहे.’

महिनाभरात मुलीच्या ई-मेलचा पासवर्ड कुणीतरी बदलला आणि त्याच ई-मेलवरून नातेवाइकांना पैसे मागणारे मेसेज गेले. चाचांनी आम्हाला विचारलं, ‘म्हणजे सर्टिफिकेट खोटं होतं का?’

आम्ही थोडी शोधाशोध केली. उत्तर असं आहे की सर्टिफिकेट खोटं नव्हतं. विंडोजच्या अनेक आवृत्त्यांना अशी सर्टिफिकेटं खरोखर मिळालेली आहेत. मग खरं सर्टिफिकेट असूनही मशीन असुरक्षित कसं राहतं, हे समजून घ्यायला हवं. कारण हा शिक्का आता फक्त कॉम्प्युटरपुरता राहिलेला नाही. मोबाइल, सीसीटीव्ही कॅमेरा, राउटर, सगळ्यांच्या जाहिरातीत ‘सर्टिफाइड’ हा शब्द दिसतो.

ही पद्धत सुरू झाली अमेरिकेच्या संरक्षण खात्यात. १९८० च्या दशकात त्यांनी कॉम्प्युटरच्या सुरक्षेचे दर्जे ठरवणारं एक पुस्तक काढलं. त्याचं कव्हर नारिंगी, म्हणून सगळे त्याला ‘ऑरेंज बुक’च म्हणायचे. सर्वांत खाली डी, मग सी-१, सी-२, असं वर चढत ए-१ पर्यंत. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एन.टी. ३.५ ला सी-२ दर्जा मिळाला आणि कंपनीनं त्याचा गाजावाजाही केला. गाजावाजा करताना एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात छापली गेली नाही. ती तपासणी नेटवर्कला न जोडलेल्या मशीनची होती. वायर लावली की सर्टिफिकेटचा विषय संपला!

पुढे वेगवेगळ्या देशांनी मिळून एकच पद्धत ठरवली. तिचं नाव ‘कॉमन क्रायटेरिया’. आपला देशही तिच्यात आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखाली एस.टी.क्यू.सी. नावाची संस्था आहे, ती हे काम पाहते. २०१३ पासून भारताला स्वतः अशी सर्टिफिकेटं देण्याचा अधिकार मिळाला आहे, आणि करारातले इतर देश ती ठरलेल्या मर्यादेपर्यंत मान्य करतात.

या पद्धतीत सात पायऱ्या आहेत, ई.ए.एल. १ ते ई.ए.एल. ७. गोंधळ इथूनच सुरू होतो. आकडा पाहिला की आपल्याला वाटतं, ४ म्हणजे २ पेक्षा दुप्पट सुरक्षित. शाळेच्या मार्कांची सवय आपल्याला. पण हे मार्क नाहीतच. हा आकडा सांगतो की तपासणी किती खोलवर केली. किती कागदपत्रं पाहिली, डिझाइन किती तपशिलात वाचलं, चाचण्या कोणी आणि किती घेतल्या. वस्तू किती मजबूत, हे तो सांगत नाही. डॉक्टरनं तुमचे चार रिपोर्ट काढले म्हणजे दोन रिपोर्टवाल्यापेक्षा तुमची तब्येत दुप्पट चांगली, असं कोणी म्हणेल का?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तपासायचं काय, हे कंपनी स्वतः लिहून देते. ‘आमचं उत्पादन अमुक परिस्थितीत, अमुक धोक्यांपासून, अमुक प्रकारे संरक्षण देतं’ असा तो दावा असतो. कधी त्यासाठी सरकारनं किंवा जाणकारांनी आधीच बनवलेला नमुना वापरतात. लॅब तो दावा खरा आहे का, एवढंच पाहते. लॅब सरकारमान्य असते, स्वतंत्र असते, पण तिची फी कंपनीच भरते. म्हणजे प्रश्नपत्रिका बऱ्याच अंशी विद्यार्थ्यानंच काढलेली, परीक्षक मात्र बाहेरचा. परीक्षा प्रामाणिकपणे झाली तरी ती कोणत्या प्रश्नांची झाली, हे विचारावंच लागतं.

याचं सर्वांत स्पष्ट उदाहरण विंडोज २००० चं आहे. ही ऑपरेटिंग सिस्टीम बाजारात आली फेब्रुवारी २००० मध्ये. तिला ई.ए.एल. ४ सर्टिफिकेट मिळालं ऑक्टोबर २००२ मध्ये. तोवर तिच्यानंतरची विंडोज एक्सपी येऊन वर्ष झालं होतं. सर्टिफिकेट ज्या नमुन्यावर दिलं गेलं, त्यात एक अट सरळ लिहिलेली होती. हे संरक्षण अशा ठिकाणासाठी आहे, जिथे वापरणारे लोक शत्रुत्वाच्या भावनेनं आलेले नाहीत, व्यवस्था नीट सांभाळली जाते, आणि धोका आहे तो चुकून किंवा सहज कुणी डोकावण्याचा. ठरवून, जोर लावून हल्ला करणाऱ्यासाठी हा नमुना नव्हता.

कुर्ल्याच्या भाषेत सांगायचं तर, चाळीत सगळे ओळखीचे, दाराला साधी कडी, शेजारचं पोर आत येऊ नये एवढीच तिची गरज. ती कडी त्या कामाला उत्तम आहे म्हणून कुणी सर्टिफिकेट दिलं, तर ते खरंच आहे. पण तीच कडी कुर्ला स्टेशनच्या पुलाखाली लावून, आत सोनं ठेवून, सर्टिफिकेट भिंतीवर टांगलं तर? इंटरनेट म्हणजे चाळ नव्हे, ते संध्याकाळी सात वाजताचं कुर्ला स्टेशन आहे.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले कॉम्प्युटर तज्ज्ञ जोनाथन शापिरो यांनी त्याच वेळी हा मुद्दा जाहीरपणे मांडला. या सर्टिफिकेटमुळे भरपूर कागदपत्रं तयार झाली हे कळतं, पण सॉफ्टवेअर स्वतः किती चांगलं लिहिलंय हे कळत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. तेव्हा अनेकांना ती कुरकुर वाटली असेल. दहा महिन्यांनी, ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ आला. हा स्वतःहून एका मशीनमधून दुसऱ्यात पसरणारा व्हायरस. कुणी काही क्लिक करायची गरज नाही, मशीन नेटला जोडलेलं असणं पुरेसं. तो ज्या भोकातून शिरत होता ते भोक विंडोज २००० मध्येही होतं आणि एक्सपीमध्येही. म्हणजे ज्या दिवशी सर्टिफिकेट मिळालं, त्या दिवशीही ते तिथेच होतं. तपासणाऱ्यांना दिसलं नव्हतं, इतकंच. यात त्यांना दोष देऊन उपयोग नाही. अशा ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रोग्रॅमच्या ओळी कोटींच्या घरात असतात. त्या पायरीवर सगळ्या ओळी वाचून काढणं अपेक्षितही नसतं.

शिक्का एका तारखेचा असतो

आणखी एक पेच आहे, आणि आमच्या मते सामान्य माणसासाठी तोच सर्वांत मोठा. सर्टिफिकेट मिळतं ते एका ठराविक आवृत्तीला, ठराविक सेटिंगसह. विंडोज २००० ला मिळालं तेही तिच्या सर्व्हिस पॅक ३ ला, वर एक ठराविक दुरुस्ती बसवून. पुढे नवी दुरुस्ती आली की काय करायचं? दुरुस्ती बसवली तर मशीन जास्त सुरक्षित होतं, पण काटेकोरपणे पाहिलं तर तपासलेलं मशीन ते हे नव्हेच. नाही बसवली तर सर्टिफिकेट शाबूत, मशीन उघडं. आता या पेचावर थोडे मार्ग काढले आहेत. कंपनी दुरुस्त्या कशा देते याचीही तपासणी करतात, छोटे बदल सर्टिफिकेटमध्ये सामावून घेतात. अमेरिकेनं तर आकड्यांचा हा मोह सोडून वस्तूच्या प्रकारानुसार नेमक्या अटींची यादी तपासायला सुरुवात केली. तरी मूळ गोष्ट बदलत नाही. पाकिटावरचा हलालचा शिक्का त्या मांसाबद्दल एक महत्त्वाची गोष्ट सांगतो आणि खरी सांगतो. पण ते पाकीट दुकानात फ्रिजबाहेर दोन दिवस पडून होतं का, हे तो शिक्का सांगू शकत नाही. ते आपण हात लावून, वास घेऊन, तारीख पाहूनच ठरवतो.

ही तारीख किती महाग पडते ते २०१७ मध्ये दिसलं. १२ मे २०१७, जुम्म्याचा दिवस होता. ‘वॉनाक्राय’ नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायली कुलूपबंद करायचा आणि सोडवायला पैसे मागायचा. इंग्लंडमध्ये हॉस्पिटलांना पेशंट परत पाठवावे लागले. सर्वाधिक फटका बसला विंडोज ७ च्या मशीनना, आणि विंडोज ७ कडे २०११ पासून ई.ए.एल. ४ सर्टिफिकेट होतं. आता दुसरी बाजू पाहा. हे भोक बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिली होती, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. ज्यांनी अपडेट घेतलं त्यांच्या मशीनमध्ये या भोकातून काही शिरलं नाही. ज्यांनी ‘नंतर बघू’ म्हणून पुढे ढकललं ते अडकले. दोघांकडे सर्टिफिकेट सारखंच.

यातली सर्वांत टोचणारी बाब अशी. त्या भोकाची माहिती अमेरिकेच्या एन.एस.ए. या गुप्तहेर संस्थेकडे आधीपासून होती. तिनं ती कंपनीला वेळेवर कळवली नाही, स्वतःच्या कामासाठी जपून ठेवली, आणि शेवटी ती चोरीला जाऊन उघड्यावर आली. मायक्रोसॉफ्टचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी यावर जाहीर टीका केली होती. आणि अमेरिकेत कॉमन क्रायटेरियाची सर्टिफिकेटं देणारी यंत्रणा कोण चालवतं? हीच एन.एस.ए. एका हाताने शिक्का, दुसऱ्या हातात किल्ली. सरकारी शिक्क्यावर विश्वास ठेवावा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शिक्का देणाऱ्याचे स्वतःचेही काही हेतू असू शकतात, हे यातून दिसलं.

दीड महिन्यानंतर हा प्रकार आपल्या दारात आला. २७ जून २०१७ रोजी, रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी, न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. ज्यांच्या घरातले लोक ट्रान्सपोर्टमध्ये किंवा क्लिअरिंगच्या कामात आहेत त्यांना ते दिवस आठवत असतील. कॉम्प्युटर बंद, कोणता कंटेनर कुठे आहे हे कळेना, कामं हातानं करायची वेळ आली. या व्हायरसचं नाव ‘नॉटपेट्या’. तो सुरू झाला युक्रेनमध्ये, तिथल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. एकदा आत शिरला की वॉनाक्रायवालं तेच भोक वापरायचा, शिवाय मशीनमध्ये साठलेले पासवर्ड चोरून शेजारच्या, अगदी दुरुस्त केलेल्या मशीनमध्येही जायचा. मर्स्कला जगभरात मिळून ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्यानं उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर सांगितलं. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात.

कुणी म्हणेल, विंडोज सोडा, लिनक्स घ्या. चांगला सल्ला आहे, पुढे आम्हीही तोच देणार आहोत. पण शिक्क्याचं म्हणाल तर तिथेही हीच गत. रेड हॅटच्या लिनक्सलाही ई.ए.एल. ४ मिळालेलं होतं. तरी सप्टेंबर २०१४ मध्ये ‘शेलशॉक’ नावाचं भोक सापडलं, ते १९८९ पासून तिथेच होतं. २५ वर्षं! प्रोग्रॅम कुणीही वाचावा म्हणून उघडा ठेवलेला, पण वाचलं कुणी?

मग ही सगळी तपासणी फुकटच आहे का? तसं आम्ही म्हणणार नाही. मोबाइलचं सिम, ए.टी.एम. कार्डावरची चिप, पासपोर्टमधली चिप यांची तपासणी याच पद्धतीनं, बहुतेक वेळा ई.ए.एल. ४ च्याही वरच्या पायरीवर होते आणि तिथे ती उपयोगी पडते. कारण ती वस्तू लहान आहे, तिचं काम ठरलेलं आहे, तिच्यात रोज नवं काही घालत नाहीत. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एका ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा गणिताने सिद्ध करून दाखवला. गणिताच्या प्रमेयासारखा, ओळ न् ओळ. पण त्या ओळी होत्या दहा हजारांच्या आत. कोटी ओळींचं असं करून दाखवणं अजून कुणाला जमलेलं नाही.

दार आपणच उघडतो तेव्हा

एक प्रकार असाही आहे, जिथे ऑपरेटिंग सिस्टीम तिचं काम चोख करते आणि तरी आपण लुटले जातो. नोव्हेंबर २०२० ची बातमी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. नमाजच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारं, जगभरात कोट्यवधी लोकांनी घेतलेलं ‘मुस्लिम प्रो’ हे ॲप आपल्या वापरकर्त्यांचं लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीला पुरवत होतं, आणि त्या कंपनीच्या गिऱ्हाइकांत अमेरिकी लष्कराची कंत्राटं घेणारे होते, असं एका पत्रकारानं उघड केलं. बातमीनंतर ॲपवाल्यांनी एक्स-मोडशी संबंध तोडल्याचं जाहीर केलं. इथे कुणी कुलूप तोडलं नव्हतं. फोननं विचारलं होतं, ‘या ॲपला लोकेशन द्यायचं का?’ आणि आपणच ‘हो’ दाबलं होतं. किब्ला दाखवायला लोकेशन लागतंच. पण ते ‘ॲप वापरत असताना’ द्यायचं की ‘नेहमीसाठी’, एवढा फरक आपल्या हातात असतो. फोन कितीही सर्टिफाइड असू दे, हा प्रश्न तो आपल्यालाच विचारणार.

सीसीटीव्हीचंही थोडं सांगतो, कारण दुकानांत, सोसायट्यांत, मशिदींत सगळीकडे कॅमेरे बसताहेत. ९ एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी सरकारी सुरक्षा तपासणी सक्तीची झाली आहे. ती एस.टी.क्यू.सी.च किंवा तिच्यासारख्या मान्य लॅबमध्ये होते. हे चांगलंच झालं, आणि कॅमेरा घेताना दुकानदाराला त्या मॉडेलचं सर्टिफिकेट जरूर विचारा. पण बसवणाऱ्यानं पासवर्ड सगळीकडे एकच ठेवला असेल आणि तो त्याच्या तिन्ही पोरांना माहीत असेल, तर त्या सर्टिफिकेटनं कॅमेऱ्याचं चित्र बाहेर जायचं थांबणार नाही. माणूस निघून गेल्यावर पासवर्ड स्वतः बदला.

आता त्या लॅपटॉपकडे येऊ. आम्ही तो उघडून पाहिला. विंडोज १० होती. या आवृत्तीला मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीच्या दुरुस्त्या देणं बंद केलं आहे. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा दुरुस्त्या घेता येतात, पण त्यासाठी नोंदणी करावी लागते. ती केलेली नव्हती. करताही आली नसती, कारण कॉपी क्रॅक केलेली होती. कुणीतरी परवान्याचं कुलूप तोडणारा प्रोग्रॅम घातला होता, त्यासाठी अँटिव्हायरस बंद केला होता, आणि अपडेटही कायमचे बंद करून ठेवले होते. शेवटची दुरुस्ती साडेतीन वर्षं जुनी. दुकानदार ज्या सर्टिफिकेटबद्दल बोलत होता ते कारखान्यातून निघालेल्या, नीट सांभाळलेल्या विंडोजचं. या लॅपटॉपमध्ये होतं ते काहीतरी वेगळंच, वर फक्त चित्र तेच.

सेकंडहँड घेऊच नका असं आम्ही म्हणणार नाही. नवा लॅपटॉप प्रत्येक घराला परवडत नाही, हे आम्हालाही कळतं. पण पैसे देण्याआधी दुकानातच दोन गोष्टी पाहा. सेटिंग्ज उघडून ‘विंडोज अपडेट’मध्ये शेवटचं अपडेट कधीचं आहे ते पाहा, आणि समोरच नवं अपडेट घेऊन दाखवायला सांगा. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर समजून जा. मग ‘ॲक्टिव्हेशन’ पाहा. विंडोज ११ चालणार असेल तर उत्तम, पण त्यासाठी मशीनमध्ये टी.पी.एम. २.० नावाची सोय आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनमध्ये क्रॅक केलेली विंडोज ठेवण्यापेक्षा उबुंटू किंवा मिंटसारखं फुकट मिळणारं लिनक्स घाला. तिथे दुरुस्त्या रीतसर येतात. फॉर्म भरायला, अभ्यासाला, ई-मेलला ते पुरेसं आहे. मोबाइलमध्ये ‘अबाउट फोन’मध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख पाहा. वर्षाहून जुनी असेल आणि नवं काही येत नसेल, तर त्या फोनवरून बँकेचं काम नको.

पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे मध्येच अडवले जाण्याची शक्यता जास्त.

त्या घरात आता लिनक्स आहे. मुलीनं ई-मेलचे सगळे पासवर्ड बदलले, दोन टप्प्यांची ओळख सुरू केली, आणि पासपोर्टचं स्कॅन लॅपटॉपमधून काढून पेन ड्राइव्हवर ठेवलं. चाचा पहिले चार दिवस वैतागले होते, कारण बटणं जागेवर नव्हती. परवा भेटले तेव्हा म्हणाले, ‘अपडेट आलंय असं रोज सांगतं, त्रास देतं.’ आम्ही म्हटलं, देऊ द्या.